पायच उठंना

२०२३ च्या पावसाळ्यात एका सकाळी मी रात्रपाळी करून घरी आलो, तर आई दारातच उभी. म्हणाली, "तुझा बा मघाधरनं संडासात हाय. बघ की जरा." गल्लीच्या टोकाला सार्वजनिक संडास. लोक डबडी घेऊन उभे. मी दार वाजवलं. आतून आवाज आला, "कडी काढलीया. आत ये."

बाप बसलेला होता. एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर. तीनदा उठायला बघितलेलं आणि तीनदा परत बसलेला. मांड्या लटलट कापत होत्या. मी काखेत हात घालून त्याला वर घेतला. बाहेर उभ्या माणसांनी माना फिरवल्या. ते बरं केलं त्यांनी.

घरी येईस्तोवर दोघं गप. मग मी विचारलं, "दम लागला व्हय आबा?"

तो म्हणाला, "दम न्हाई रं लागला. पायच उठंना."

हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय. कारण सात वर्षं आम्ही सगळे त्याच्या छातीकडं बघत होतो. पायाकडं कुणीच बघितलं नव्हतं. डॉक्टरनं नाही, आईनं नाही, मी पण नाही.

मी काय लेख लिहिणारा माणूस नाही. दहावी नापास. इचलकरंजीच्या पट्ट्यातल्या एका सूतगिरणीत कार्डिंगला आहे. वय सत्तावीस. कविता करतो, त्या पण पाळीवरून आल्यावर झोप लागली नाही तर. पण ही गोष्ट कवितेत बसवायला गेलो आणि बसेना. हिच्यात हिशेब फार आहे.

बाप ब्लोरूमला होता. ज्यांनी गिरणी आतून बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कापसाची गाठ पहिल्यांदा फुटते ती ब्लोरूममध्ये. एक गाठ एकशे सत्तर किलोची. तिच्यात कापूस असतो, तसा पाचोळा असतो, बोंडाच्या सालीचा चुरा असतो, माती असते. यंत्र तो कापूस झोडतं, पिंजतं आणि ती सगळी घाण हवेत उडते. तिथून कापूस कार्डिंगला येतो, तिथं विंचरला जातो, उरलेली घाण तिथं उडते. पुढं ड्रॉइंग, सिम्प्लेक्स, रिंग फ्रेम. पुढच्या खात्यात जावं तशी हवा निवळत जाते. म्हणजे शेवटी कोनावर पांढरंशुभ्र सूत दिसतं, त्यातला कचरा आधीच्या खात्यातल्या माणसांनी खाल्लेला असतो. माझ्या बापानं तो एकोणतीस वर्षं खाल्ला. १९८७ ते २०१६. तोंडाला फक्त रुमाल.

ब्लोरूम त्याच्या वाट्याला कसं आलं हे पण सांगितलं पाहिजे. आजा मुंबईच्या गिरणीत होता, रिंगखात्यात. १९८२ च्या जानेवारीत अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यात तो बाहेर पडला तो परत आत गेलाच नाही. गावी आला. तो सांगायचा, साचेखात्यात पगार जास्त, पण तिथं आपला माणूस शोधून सापडायचा नाही. का? तर धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. आपल्या उष्ट्या तोंडाचा धोटा दुसऱ्यानं तोंडाला कसा लावायचा? विटाळ! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा सवाल युनियनच्या पुढाऱ्यांपुढं टाकला होता. विणकाम खातं अस्पृश्य कामगाराला बंद का?

१९८७ साली माझ्या बापाला कुणी जात विचारली नाही. धोटा पण नव्हता, सूतगिरणीत विणकामच नसतं. फक्त एवढं झालं की बरोबर भरती झालेल्या ओळखीपाळखीच्या पोरांना वाइंडिंग मिळालं, रिंग मिळाली. बापाला आणि आमच्याच गल्लीतल्या दोघांना ब्लोरूम. त्यातले दोघे आता नाहीत.

पहिली काही वर्षं बापाची छाती फक्त सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी आवळायची. दुसऱ्या-तिसऱ्या पाळीला सैल पडायची. तो म्हणायचा, सुट्टीनं अंग आळसावतं. पुढं रोज आवळायला लागली. मग सुट्टीत पण सुटेना. आता मला माहीत आहे की या रोगाची सुरुवात अशीच होते. त्याचं नाव बिसिनोसिस. नुसत्या कापसापेक्षा त्याच्याबरोबर येणाऱ्या पाचोळ्यावर वाढलेल्या जंतूंचं विष त्यात जास्त काम करतं. इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या डॉक्टरनं १७०० साली कामगारांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं. त्यात अळशीचे आणि सणाचे तंतू विंचरणाऱ्यांच्या खोकल्याची आणि दम्याची नोंद आहे. तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या बापाच्या फायलीत मात्र हे नाव एकदाही आलं नाही.

त्याच्या फायलीत लिहिलंय, दमा. प्रत्येक नवा डॉक्टर पहिला प्रश्न विचारायचा, "बिडी किती ओढता?" बाप म्हणायचा, "एक बी न्हाई." डॉक्टर हसायचा. माझ्या बापानं तंबाखू खाल्ली, बिडी कधी ओढली नाही. पण गरीब माणूस खोकतोय म्हणजे बिडीच, हे ठरलेलं.

२०१६ ला तो घरी बसला. आणि इथून आमची चूक सुरू होते. ती मी लिहिणार आहे, कारण ती आपल्यातल्या पुष्कळ घरांत चाललेली असणार.

आधी आम्ही त्याची सायकल बंद केली. मग पाण्याची घागर बंद केली. मग दुकानातून काही आणायचं असलं तर आई म्हणायची, "तुमी बसा, मी जाते." दाढीचं पाणी कॉटवर. जेवणाचं ताट कॉटवर. नातवंडं अंगावर चढली तर मी त्यांना ओढून काढायचो. त्याला जरा धाप लागली की घरभर बोंब, "बसा, बसा!" एकोणतीस वर्षं राबलेल्या माणसाला आता बसून खाऊ द्यायचं, यात आमचा अभिमान पण होता. आमच्या आज्या-पणज्यांना कुणी कधी बस म्हटलं नव्हतं.

मधे एका खाजगी डॉक्टरनं स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. धाप कमी झाली म्हणून आम्ही त्याच चिठ्ठीवर मेडिकलमधून महिनोन्महिने आणत राहिलो. बापाचं तोंड सुजल्यासारखं झालं, पाय काड्या. लुंगीला एक निरी जास्त पडायला लागली. आम्ही म्हणायचो, वय झालं. वय होतं सत्तावन्न.

संडासातल्या त्या सकाळनंतर मी त्याला जिल्ह्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं छातीच्या डॉक्टरांनी फुंकायची टेस्ट केली, पंप बदलून दिला, तो ओढायचा कसा ते करून दाखवलं आणि व्यायामाच्या विभागात पाठवलं. मला राग आला. माणसाला उठता येईना आणि हे व्यायामाला पाठवतात!

तिथं एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी बापाच्या बोटाला चिमटा लावला आणि तीस मीटरच्या लांब बोळात त्याला चालायला सांगितलं. दोन टोकांना दोन लाल शंकू. सहा मिनिटं, जमेल तेवढं चाला, थांबावंसं वाटलं तर थांबा. बाप दोनदा थांबला. सहा मिनिटांत २१० मीटर.

बाईंनी विचारलं, "काका, तुम्ही कशामुळं थांबलात? श्वासामुळं की पायामुळं?"

बाप माझ्याकडं बघायला लागला. हा प्रश्न त्याला कधी कुणी विचारलाच नव्हता. मग हळूच म्हणाला, "पाय. मांड्या भरून आल्या."

मग खुर्ची. हात छातीवर बांधून पाचदा उठायचं आणि बसायचं. बाप तिसऱ्याला बसला तो बसलाच.

बाईंनी आम्हा दोघांना समजावून सांगितलं. फुप्फुसाच्या जुन्या आजारात दर तिघांतल्या एकाची तरी मांडी अशी कमजोर झालेली असते. पुष्कळ जण चालताना दम संपायच्या आधी पाय संपले म्हणून थांबतात. स्नायू म्हणजे तंतूंची जुडी. आम्ही सूत कातणारी माणसं, तंतू म्हटल्यावर आम्हाला लगेच कळलं. मांडीत दोन तऱ्हेचे तंतू असतात. एक सावकाश पण दिवसभर चालणारे, ते ऑक्सिजनवर चालतात. दुसरे झटक्याचे, जोरदार पण लवकर थकणारे. या आजारात पहिल्या तऱ्हेचे तंतू कमी होतात, त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या कमी होतात. मग जरा चाललं की मांडीत आम्ल साठतं. त्या आम्लाचा निचरा करायला शरीर आणखी श्वास मागतं. छाती तो देऊ शकत नाही. धाप लागते. माणूस घाबरून बसतो. बसला की तंतू आणखी झडतात. पुढच्या वेळी त्याहून कमी चालण्यात तेवढीच धाप.

छातीचं पण त्यांनी सांगितलं. या आजारात हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणं अवघड जातं. नळ्या अरुंद झालेल्या. चालायला लागलं की जुनी हवा बाहेर पडायच्या आत नवी आत शिरते. एसटीतली माणसं उतरायच्या आधी खालची चढायला लागली की जसं होतं तसं. छाती फुगून राहते, खालचा पडदा चपटा होतो, त्याला जोर लावता येत नाही. त्यावर उपाय म्हणून ओठांचा चंबू करून लांब फुंकर सोडायची, गरम चहावर घालतो तशी. आत घ्यायला लागला वेळ त्याच्या दुप्पट सोडायला.

मी विचारलं, "पाय कशानं एवढे गेले?" बाईंनी बोटावर मोजलं. ऑक्सिजन कमी पडतो. आजाराची सूज रक्तातून अंगभर फिरते. खाणं कमी होतं. स्टिरॉइडच्या गोळ्या जास्त दिवस घेतल्या तर त्या स्नायू खातात. "आणि सगळ्यात मोठं म्हणजे बसून राहणं. यांना घरी कोण काम करू देत नाही का?"

मी खाली मान घातली. गिरणीनं त्याची छाती खाल्ली होती. पायाचा निम्मा हिस्सा आम्ही मायेनं खाल्ला होता.

आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा दवाखाना. एसटीनं दीड तास जायला, दीड तास यायला. मी पाळी बदलून घेतली, दोन दिवसांचा पगार गेला तो वेगळाच. बाकीच्या दिवशी घरी. खुर्चीवरून उठणं-बसणं, आधी हाताचा टेकू घेऊन, मग टेकू सोडून. पाण्यानं भरलेल्या लिटरच्या बाटल्या उचलणं. पायरी चढणं-उतरणं. आणि चालणं. आमच्या गल्लीत चालणं खांबांवर मोजतात. आमच्या दारापासून चहाच्या टपरीपर्यंत लाइटचे पाच खांब आहेत. बापाचे जुने सोबती त्या टपरीवर बसतात. दोन वर्षांत तो तिथं गेला नव्हता.

बाईंनी एक मोजमाप शिकवलं. शून्य म्हणजे अजिबात दम नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. तीन-चारपर्यंत दम लागू द्यायचा, घाबरायचं नाही. दम लागला म्हणजे लगेच काही वाईट झालं असं नसतं. छातीत दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, ओठ निळे पडले तर मात्र जागच्या जागी थांबायचं.

सांगायला सोपं. पहिल्या आठवड्यात बाप दुसऱ्या खांबाला थांबला, वाकला, आणि सरळ रस्त्यावर बसला. मी म्हटलं, "आबा, फुंकर घाला." त्याचे डोळे मोठे झालेले. एक म्हातारी ओरडली, "बापाला मारतोस काय रं?" घरी आल्यावर आईनं मला शिव्या घातल्या. म्हणाली, "त्यांस्नी सुखानं बसू दे की. आता काय गाठी उचलायच्यात व्हय त्यांनी?" मी पण चिडून म्हटलं, "गाठी नको. पण संडासातनं उठाया तर यायला पाहिजे." बाप हे ऐकत होता. मला वाटलं, आता हा परत उठत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाळीवरून आलो तर तो खुर्चीसमोर उभा. म्हणाला, "सकाळधरनं चारदा झालं. पाचवं तू बघ." आणि पाचवं माझ्यासमोर केलं. मिजाशीत.

आईनं पण मग शेंगदाणे, डाळ आणि रोज एक अंडं चालू केलं. पंप चालायच्या आधी घ्यायचा. स्टिरॉइडच्या गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केल्या. त्या एकदम तोडायच्या नसतात, हे पण तेव्हाच कळलं.

आठ आठवड्यांनी परत तोच बोळ, तेच लाल शंकू. २६८ मीटर, एकदा थांबून. खुर्चीवरून पाचदा उठला, सतरा सेकंदांत. बाई म्हणाल्या, तीसेक मीटर वाढले तरी माणसाला रोजच्या जगण्यात फरक जाणवतो, तुमचे अठ्ठावन्न वाढलेत. मग फुंकायची टेस्ट. आकडा होता तेवढाच.

बापानं विचारलं, "छातीत कायच फरक न्हाई?"

"नाही काका. गेलेली छाती व्यायामानं परत येत नाही. पाय येतात. आणि पाय आले की आहे त्या छातीत जास्त भागतं."

खोटं बोलल्या नाहीत, म्हणून बापाला त्या पटल्या.

हे सगळं गोडगोड वाटू नये म्हणून पुढचं सांगतो. २०२४ च्या हिवाळ्यात बापाला ताप आला, छाती भरली, नऊ दिवस दवाखान्यात. नऊ दिवसांत मांड्या परत ढिल्या. घरी आलो तेव्हा तो पहिल्या खांबाला थांबला. सगळं पहिल्यापासून. या व्यायामाचं असंच आहे, सोडला की मिळवलेलं जातं. सूत तुटलं की जोडायचं, तसं. आता तो पाच खांब जातो, तिसऱ्याला टेकतो, टपरीवर बसतो आणि परत येतो. संडासाला एकटा जातो. कडी आतून लावतो.

पण मला यात एक धोका पण दिसतो. उद्या कुणी म्हणेल, बघा, व्यायामानं माणूस चालायला लागला, मग धुरळ्याचं एवढं काय? तर मित्रांनो, व्यायाम हा बापासाठी आहे, ज्याची छाती गेलीय. ज्यांची अजून शाबूत आहे त्यांच्यासाठी उपाय एकच, धुरळा कमी करणं. हवा ओढणारी यंत्रं चालू ठेवणं, झाडून उडवण्यापेक्षा ओढून घेणं, नीट बसणारा मास्क देणं, छाती दरवर्षी मोजणं. नोंद करायच्या धंदेवाईक रोगांची कायद्यात यादी आहे. त्या यादीत बिसिनोसिस आहे. पण कागदावर दमा लिहिला की तो माणसाचा स्वतःचा रोग होतो, आणि बिसिनोसिस लिहिलं की गिरणीला जबाब द्यावा लागतो. एका शब्दाचा फरक. माझ्या बापाला एकोणतीस वर्षांचा एक रुपयाही भरपाई मिळाली नाही, ती या एका शब्दापायी.

आणि आता माझं. हे घरात अजून सांगितलेलं नाही.

मी कार्डिंगला आठ वर्षं आहे. गेल्या वर्षापासून सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी पाळी संपता संपता माझी छाती आवळते. पट्टा बांधल्यासारखी. दुसऱ्या दिवशी नसते. मी बापासारखंच म्हणत होतो, सुट्टीनं आळस भरला. मग त्या बाईंकडून एक फुंकायची नळी घेतली. साधी प्लास्टिकची, काटा असलेली. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला आत जाताना फुंकलं, ४८०. बाहेर येताना ४१०. चार आठवडे असंच, पाच-दहा इकडं तिकडं. वहीत तारखेसकट लिहून ठेवलंय. कवितेचीच वही आहे, मागच्या पानापासून.

ही अवस्था सुरुवातीची असते. धुरळ्यातनं बाहेर पडलं तर छाती सुधारते, आत राहिलं तर एक दिवस सुधारायची थांबते. मला बापाच्या छातीपर्यंत जायचं नाही. त्याच्या पायापर्यंत तर नाहीच. आमच्या खात्यात मी आणखी सहा पोरांना फुंकायला लावलं. दोघांचा आकडा असाच घसरतो. त्यातला एक लग्न ठरलेला आहे. त्यानं सांगितलंय, माझं नाव कुठं लिहू नको.

लिहीत नाही. पण जे कार्डिंगला, ब्लोरूमला आहेत, ज्यांना सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी छाती आवळते, त्यांनी आकडा लिहून ठेवावा. आणि ज्यांच्या घरात असा बाप कॉटवर बसवलेला आहे, त्यांनी त्याला एकदा विचारावं, कशानं थांबतोस? श्वासानं की पायानं? उत्तर आलं तर डॉक्टरला सांगून त्याला उठवावं.

सोमवारी रजा टाकून मी ती वही घेऊन विम्याच्या दवाखान्यात जाणार आहे. खातं बदलून मागायचं तर कागद लागतो. बापाला एवढंच सांगितलं की दवाखान्यात काम आहे. त्यानं माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाला, "यष्टीच्या ष्टॉपपत्तूर मी बी येतो. सात खांब हायत. मोजल्यात मी."